सत्तावीस नंबरची चकती

२९ नोव्हेंबर १९९९, सोमवार

फिल्म मीच कापल्या. माझ्या हातांनी. शिवणाच्या कात्रीनं!

लिहून टाकते, कारण तोंडानं कुणाला सांगायची छाती नाही. आज पुण्याला डॉक्टरांनी ह्यांचा नवा सीटी स्कॅन उजेडावर लावला. ह्यांना बाहेर बाकावर बसवलं होतं. डाव्या किडनीत गाठ आहे. आणि आता ती एकच उरलीय — उजवी शहाण्णवच्या जुलैत ट्रॅक्टर उलटला तेव्हा फुटली, काढावी लागली. पावणेतीन सेंटिमीटरची गाठ. "कॅन्सरच असणार, मॅडम," म्हणाले. चहा घेणार का विचारावं तशा आवाजात.

ती जहाल आहे की धीमी, यावर सगळं अडलंय. जहाल असेल तर अख्खी किडनी काढायची — मग जन्मभर आठवड्यातून तीनदा पुण्याला डायलिसिस. धीमी असेल तर गाठ तेवढी सोलून काढायचा धोका घेता येतो. धोका म्हणजे, गाठ रक्तवाहिनीला अगदी खेटून आहे. औषध टोचून फोटो काढला की जहाल गाठ लगेच उजळते म्हणे, धीमी सावकाश. ह्यांची मधलीच! सुईनं तुकडा काढून बघितला तरी भरवसा नाही.

"अपघाताच्या वेळचा स्कॅन असेल ना? गाठ तेव्हा होती का, केवढी होती, एवढं कळलं तर वाढीचा वेग कळेल. पुढच्या बुधवारपर्यंत आणा. शुक्रवारी ऑपरेशन."

आणते म्हटलं. मान हलवून, चांगलं ठणकावून — आणते!

३० नोव्हेंबर

ऑगस्टात ग्रहण होतं. आठवी ब ला दाखवायची हौस मला. एक्स-रेची फिल्म डोळ्यांपुढं धरायची, तेव्हा सगळे तेच करत होते. (त्यानं डोळे जातात हे मागाहून वाचलं. विज्ञानाच्या बाई!) घरात ह्यांच्या जुन्या स्कॅनच्या तीन मोठ्या फिल्म पडून होत्या. कांद्याच्या चकत्या कराव्यात तसे पोटाचे आडवे फोटो, एकेका फिल्मवर सोळा. रेघेवरून कापायला किती सोपं! अठ्ठेचाळीस तुकडे केले. आणि ग्रहण? ढग! अख्खा वर्ग मैदानावर माना वर करून उभा. भुरभुर आली, घरी गेलो.

स्कॅन जिथं झाला तिथं आज फोन केला. इतकं जुनं काही ठेवत नाहीत. रिपोर्ट माझ्याकडे आहे, पण त्यात सगळी उजवीचीच कहाणी. डावीबद्दल एक ओळ — "इजा नाही."

एवढंच बरं झालं — तुकडे हजेरीच्या क्रमानं वाटले होते. प्रत्येक चकतीवर बारीक नंबर छापलेला. एक नंबरला एक, दोन नंबरला दोन. शिक्षकी खोड, कधी नव्हे ती उपयोगी पडली.

एसटीडीवरून डॉक्टरांना विचारलं, सगळ्या मिळणार नाहीत, कुठल्या लागतील? म्हणाले, नव्या स्कॅनवरून अंदाजानं सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. हजेरीपट उघडला. मनाल. आरती. अक्षदा.

१ डिसेंबर

"काय म्हनला डाक्टर?"

"खडा आहे."

"खडा?"

"खडाच!"

हे हसले. "बरं," म्हणाले आणि कांद्याला पाणी द्यायला गेले. इतकं खोटं मी जन्मात बोलले नव्हते.

२ डिसेंबर

अक्षदाला मधल्या सुट्टीत बाजूला घेतलं. "आईनं बंबात घातला बाई, पानी तापवायला. लई घाण वास सुटलेला!"

अठ्ठावीस गेला. तिचा काय दोष? तरी खेकसले तिच्यावर. बिचारी रडवेली झाली.

३ डिसेंबर, शुक्रवार

मनालकडे सव्वीस सापडला! तिचे वडील इब्राहिमभाई कपडे शिवतात, दुकान नि घर एकच. पोरीनं तुकडा विज्ञानाच्या पुस्तकात खुणेला ठेवलेला, एक ओरखडा नाही. इब्राहिमभाई म्हणाले, "बाई, त्यात काय एवढं? कॉलरच्या साच्याला जुन्या फिल्म ठेवतो मी, अजून पाहिजे तर सांगा." मी काय सांगणार!

तशीच मंचरला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी खिडकीशी धरून पाहिला. "डावी किडनी साफ दिसतेय इथं."

कंपाउंडर म्हणाला, "मंग चांगलंय की बाई!"

काय चांगलं? कप्पाळ! तेव्हा गाठच नव्हती, म्हणजे साडेतीन वर्षांत एवढी वाढली. म्हणजे जहाल. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, ही चकती गाठीच्या वरची असेल, पुढची मिळाली तर बघू.

येताना देवळापाशी थांबले. काय मागायचं ते मिनिटभर सुचेना. मग मागितलं — देवा, माझ्या नवऱ्याला तेव्हाही कॅन्सर असू दे.

असलं मागणं कुठल्या बायकोनं मागितलं असेल? रडू आलं ते आवरेना. येणारी-जाणारी बघत होती.

५ डिसेंबर, रविवार

सकाळच्या एसटीनं डोंगराकडं, आरतीच्या गावी. दीड तास. पोर दारातच होती. मी चप्पलही काढली नाही. "आरती, ग्रहणाचा तुकडा?"

पोर आजीकडं बघायला लागली. प्रयागबाई म्हातारी पुढं आली. "गिरानात पोरीनं भाईर पडू ने बाई. म्या धाडलीच नव्हती साळंत त्या दिशी."

गैरहजर! हजेरीपटात माझ्याच हातची फुली असणार आणि मी ती पाहिलीही नाही. म्हातारीनं कोरा चहा दिला. "रडू नगा, काय हरावलंय ते घावंल," म्हणाली.

म्हणजे सत्तावीस मी वाटलाच नाही. पर्समधून घरी आला असणार. टेबलावर काढून ठेवल्यासारखं अंधुक आठवतंय. मग गेला कुठं?

६ डिसेंबर

ट्रंक, कपाट, रद्दी, धान्याची कोठी. नाही. हे दारात उभं राहून बघत होते. "काय शोधतीस?" "काही नाही!" इतक्या जोरात ओरडले की शेजारची बाई डोकावली.

उद्याचाच दिवस उरलाय.

७ डिसेंबर, मंगळवार

शाळेतून आले तर हे ओट्यावर बसलेले.

"इब्राहिमभाई भेटला. तुमच्या बाई तुमचं फोटू गोळा करीत फिरत्यात म्हनला."

मी पर्स खाली ठेवली.

"कॅन्सर हाय ना?"

आता काय लपवणार? सगळं सांगितलं. गाठ, कात्री, बंब, म्हातारीचा कोरा चहा — सगळं. हे ऐकत राहिले. मग म्हणाले, "खड्यापायी कुनाची बायकू देवळाम्होरं रडत नाय. मला तवाच कळलं व्हतं."

"आणि फिल्म? सत्तावीस नंबर मिळत नाही हो!"

"टेबलावर एक तुकडा व्हता. त्यो म्या नेला."

"कुठं?"

"मोटरीवर. स्टार्टरच्या पेटीला भोक पडलंय, पाल शिरून दोनदा फ्यूज उडाला. त्याच्यावर लावलाय."

पळतच मळ्यात गेलो. ह्यांनी आधी मेन स्विच पाडला, मग सावकाश काळी चिकटपट्टी सोलली. माझा जीव टांगलेला! कडेला धूळ, एक ओरखडा, आणि कोपऱ्यात — २७.

"काखेत कळसा आन् गावाला वळसा," हे म्हणाले. "बाईंनी डोंगर पालथा घातला, फक्त नवऱ्याला इचारलं नाय."

पाठीत दोन धपाटे घातले त्यांच्या. मग तिथंच पाटाच्या कडेला बसून मनसोक्त रडले. चूक माझीच होती.

ह्यांनी तुकडा उन्हाकडं धरला. "ह्यात गाठ दिसली तर चांगलं का वाईट?"

"चांगलं."

"मंग दिसंल."

८ डिसेंबर, बुधवार

होती! तेव्हाही होती! पुण्याच्या डॉक्टरांनी भिंग लावून, चकतीच्या कडेला छापलेल्या मापाशी पट्टी ताडून दोनदा मोजली. तेव्हा अडीच, आता पावणेतीन. साडेतीन वर्षांत पाव सेंटिमीटर. धीमी. शुक्रवारी गाठ तेवढीच सोलून काढायची, किडनी ठेवायची. धोका आहे म्हणाले, पण घेऊ.

माझ्या नवऱ्याला साडेतीन वर्षांपासून कॅन्सर आहे. येताना मंचरला उतरून मी अर्धा किलो पेढे घेतले.