जुन्या अडॅप्टरचा क्रमांक

सोमवार, ४

आलो, रुजू झालो आणि अजून एकदाही ओकलो नाही. याची कुठेतरी नोंद व्हायला हवी, म्हणून ही वही. कारखाना चरबीचा आहे. जनावरांची चरबी मोठाल्या टाक्यांत वितळवतात आणि साबणवाल्यांना विकतात. जो माणूस वापरण्याआधी साबणही धुऊन घेतो (बायकोचे शब्द, आणि खरे), त्यानेच इथे नोकरी धरावी यावर ती दोन दिवस हसत होती. पण काम माझ्या आवडीचं आहे, राहायला क्वार्टर आहे, आणि येत्या सोमवारी ती आणि आमची चिमणी कायमच्या इथे येतील. आधीच्या फिरतीच्या नोकरीपायी सहा महिने लेकीला फोनवर गोष्टी सांगतोय. आता पुरे झालं.

काम असं. टाक्यांचं तापमान सांभाळणारा संगणक वीस वर्षांचा झालाय, कधीही मान टाकेल. त्याचं आभासी मशीन करायचं, म्हणजे नव्या सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरचा दुसरा संगणक बनवायचा, जो जुन्याचं सोंग हुबेहूब वठवेल. जुना संगणक ज्यांच्या हाताखाली होता त्यांना सगळे मामा म्हणत. फोरमन म्हणाला, मामा खुर्चीतच गेले. शुक्रवारी सगळे घरी गेल्यावर गेले आणि सोमवारी सापडले. मधले दिवस टाक्यांची ऊब चालूच होती. पुढचं तो रंगवून सांगणार होता, मी हात जोडले.

मंगळवार, ५

मामांच्या कीबोर्डमधून निघालेला ऐवज: तळणाचे कण, पांढरे केस आणि दातांनी कुरतडलेली मूठभर नखं. चिमट्याने उचलली. मग चिमटाच टाकून दिला.

नक्कल सकाळीच तयार झाली. राहिला होता नेटवर्क अडॅप्टर. अडॅप्टर म्हणजे संगणकाचं नेटवर्ककडे उघडणारं दार. आभासी मशीनला तेही सॉफ्टवेअरचंच द्यावं लागतं. मी तो ब्रिज पद्धतीने जोडला, म्हणजे हे मशीन सर्व्हरच्या आडोशाला न राहता बाकीच्या खऱ्या मशीनांच्या पंक्तीला बसतं. पण टाक्यांचा प्रोग्राम अडून बसला. प्रत्येक अडॅप्टरला जन्मजात एक क्रमांक असतो, आणि या बेट्याला जुन्या अडॅप्टरचाच क्रमांक हवा होता. तेव्हा तोच क्रमांक नव्याला चिकटवून दिला. अडल्यावर सगळे हेच करतात. फक्त एक पथ्य पाळायचं, जुना संगणक पुन्हा कधी चालू करायचा नाही. एका क्रमांकाची दोन मशीनं आली की जे आधी उत्तर देतं त्याला सगळे निरोप जातात, आणि दुसऱ्याला कोणी विचारत नाही.

जुन्याच्या वायरी काढून तो कपाटात ठेवला. दुपारी सगळ्या टाक्या पडद्यावर दिसायला लागल्या. फोरमनने खूश होऊन पाठ थोपटली. शर्टावर पाच बोटं तेलकट उठली आहेत. शर्ट भिजत घातलाय.

बुधवार, ६

ओळखपत्र मिळालं. क्रमांक ११४. फोरमन म्हणाला, अरे, हा तर मामांचा नंबर. ऑफिसातल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नवीन नंबरला वरून मंजुरी आणायची म्हणजे महिनोन् महिने जातात. दार, पगार, क्वार्टर सगळं जुन्या नंबरला जोडलेलंच आहे, मग तोच दिला, त्यात काय बिघडलं? काल मी नेमकं हेच केलं होतं, तेव्हा ओळखपत्र गळ्यात अडकवलं.

क्वार्टरही मामांचंच निघालं. तीनदा फिनेलने पुसलं. गादी बाहेर टाकली. चिमणीला तिचा कोपरा कुठे द्यायचा ते ठरवलंय, खिडकीपाशी.

गुरुवार, ७

मशीन जागं आहे ना हे बघायला त्याला एक हाक घालतात, ते एक उत्तर देतं. आज एका हाकेला दोन उत्तरं आली. मला वाटलं, कोणी आगाऊपणा करून जुना संगणक जोडलाय. कपाट उघडलं. तो तिथेच होता, वायरी नाहीत, काही नाही. पण हात लावला तर कोमट.

झाकण काढलं. आत काठोकाठ पिवळी चरबी होती, वरून साय धरलेली, आणि सायीत केस. बघता बघता मधोमध एक बुडबुडा वर आला आणि फुटला. त्याचा वास खोलीत नाही पसरला, थेट माझ्या तोंडात आला, चव होऊन.

सोमवारची फुशारकी मागे घेतो. दोनदा ओकलो.

शुक्रवार, ८

सगळी चरबी खरवडून काढली, बादलीभर. जेवून येईतो खोकं पुन्हा भरलेलं. मग आभासी मशीनचा अडॅप्टर बंद केला, म्हणजे त्या क्रमांकाचं कोणीच उरू नये. हाक घातली. उत्तर आलं, नेहमीपेक्षा लवकर.

जेवायला गेलो तेव्हाचं लिहायचं राहिलं. कँटीनवाल्या मावशी म्हणाल्या, आत्ताच तर जेवून गेलात की, ताटसुद्धा चाटलंत. सकाळी फाटकावरचा पहारेकरीही म्हणाला होता की साहेब, तुम्ही मघाशीच आत गेलात. तेव्हा हसण्यावारी नेलं.

अंग तीनदा घासलं. निथळणारं पाणी पिवळट आहे. माझ्या नखांत चरबी आहे. माझ्या. शिसारी येते मला माझ्याच हाताची.

शनिवार, ९ — सकाळी

बाईंकडे नवीन नंबरचा अर्ज घेऊन गेलो. त्या वैतागल्या. म्हणाल्या, तासाभरापूर्वी स्वतः येऊन नवीन नंबर नको असं लिहून दिलंत, चेष्टा लावली आहे का? कागद दाखवला. सही माझी. जिथे हात टेकला होता तिथे कागद तेलाने पारदर्शक झालाय.

तो माझ्या आधी उत्तर देतोय.

बायकोला फोन लावला, की येऊ नका, इतक्यात नकोच. ती म्हणाली, तुझं काय चाललंय? काल तूच म्हणालास ना, सोमवारची वाट कशाला बघता, शनिवारीच या. दोघी बसमध्ये आहेत. दोनला पोचतील. पुढे बोलणार तेवढ्यात फोन कटला. आता सारखा लावतोय, सारखा व्यस्त. ती कोणाशी बोलतेय ते मला माहीत आहे.

१ वाजता

अर्धा दिवस म्हणून सगळे गेले. मी कपाटापाशी होतो, त्या खोक्याचा चुराडा करायला गेलो होतो. खोकं रिकामं आहे. आत नुसते केस.

दार उघडत नाही. कार्ड लावलं की पडद्यावर येतं: ११४ बाहेर गेले, १२.५२.

१.२५

काचेतून पहारेकरी दिसला. दार बडवलं. ओरडलो. त्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या जागेकडे पाहिलं, आणि गेला. खुर्चीने काच फोडायला गेलो, हात सरकतात. सगळं बुळबुळीत — खुर्ची, दार, मी —

घसा भरून येतोय. थुंकलो. पिवळं. थिजतंय लगेच —

१.५८

फोन. चिमणी करतेय. तिच्या आईच्या फोनवरून. मीच आधी उचलायला हवा. मीच —

बोट घसरतंय. पुसलं. पुन्हा घसरतंय. काचेवर नुसता थर —

रिंग थांबली. फोन चालू आहे. मी उचलला नाही. सेकंद चालू आहेत —

कानाला लावला. ती विचारतेय, बाबा, तू आलास का घ्यायला? आवाज माझा आहे. ओला आहे. सांगतोय, आलो ना. आई बॅगा काढतेय, काढू दे तिला. तू एकटीच उतर. मी इथे दारातच आहे —

उतरू नकोस. चिमणे, मी ओरडतोय गं, पण तोंड घट्ट —

पायऱ्या. तिचे बूट. ती हसतेय. म्हणतेय, बाबा, तुझा हात किती —