बरी झालीस की घेऊन जा

९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचे गुडघे कसे आहेत? मी ठीक आहे.

"बरी झालीस की घेऊन जा. पोर काय कुठे पळून जाते?" हे तुझं वाक्य तुला आठवतं का? वॉर्डाच्या दारात तू ठकूला कडेवर घेऊन उभा होतास. दोन वर्षांची माझी लेक, तुझ्या खिशातलं पेन ओढत होती. तिचे बाबा महिन्यापूर्वी त्याच वॉर्डात गेले होते आणि एचआयव्हीने मीही गादीला चिकटले होते. केवढा धीर आला होता मला त्या वाक्याने! आता कळतं, मी बरी होणार नाही याची तुला खात्री होती. मरणाऱ्या माणसाला काय, काहीही कबूल करता येतं.

मग गोळ्या आल्या. सरकारी दवाखान्यात, फुकट. आणि मी मेले नाही. तुझी फार पंचाईत झाली ना?

आधी म्हणालास, अंगात जरा ताकद येऊ दे. मी भरलेली बादली उचलायला लागले, तर म्हणालास, तिला आता वहिनीची सवय झालीय, आईच म्हणते तिला. तू तिची आत्याच बरी. मग शाळा. मग दहावी. शेवटी एकदा चिडून बोललास, "बरी कुठे झालीस तू? गोळ्या तर चालूच आहेत." दादा, तूही रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेतोस. म्हणून तुझं घर कोणी दुसऱ्याच्या नावावर केलं का?

माझ्या रक्तात विषाणू आता तपासणीत सापडतसुद्धा नाही. डॉक्टर सांगतात, माझ्यापासून कोणाला लागण व्हायची नाही. तुमच्याकडे मात्र माझा कप अजून वेगळा, खिडकीत पालथा. ठकूला सांगून ठेवलंय, आत्याला तोच आवडतो.

आणि परवा तुझा फोन. "ठकूची नर्सिंगची ड्यूटी तुमच्या औषध केंद्रावर लागलीय, तेवढे दिवस तू रजा टाक." रजा! मला इथे नोकरी मिळाली तीच या आजारामुळे. नवीन माणूस रिपोर्ट ऐकून कोसळला की मला पुढे करतात, बघा, ही किती वर्षं जगतेय. तुझ्या शब्दाखातर मी सिस्टरना विनवून गप्प बसवलंय. ठकूला वाटतं, आत्या इथे साधी कामाला आहे.

तुझा फोन आला तेव्हा ती माझ्या शेजारीच बसली होती. कचऱ्याच्या डब्यात डोकावून म्हणाली, "आत्या, गोळ्यांच्या डब्यांची लेबलं कोण फाडतं गं?"

"नेणारेच. घरी कळू नये म्हणून. आत कापूसही कोंबतात, गोळ्या वाजू नयेत म्हणून."

"अगं बाई! औषध आहे की चोरीचा माल?"

आम्ही दोघी हसलो. माझ्या पर्समधली डबी कापसासकट गप्प होती.

मी मुद्दा टाळतेय. सांगते.

काल एक बाई आली, कडेवर पोरगी. रिपोर्ट ऐकून म्हणाली, "हिला बहिणीला देऊन टाकते. माझं आता काही खरं नाही." मी तोंड उघडायच्या आत ठकूच पुढे झाली. "कशाला द्यायची? गोळ्या घ्या आणि स्वतः वाढवा. मूल देऊन मोकळी होते ती कसली आई?" बाई रडली, खूप रडली. मग पोरीला घट्ट धरून औषधाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

ठकू माझ्याकडे वळली. "बरोबर बोलले ना, आत्या?"

"बरोबर बोललीस," मी म्हणाले.

दादा, मी देऊन मोकळी झाले नव्हते. मी ठेवायला दिली होती.

वहिनीवर माझा राग नाही. तापात तिच्या उशाशी वहिनी बसली, वेण्या वहिनीने घातल्या. तिला आईच म्हणू दे. आणि मी काय आता वीस वर्षांची मुलगी कडेवर घेऊन जाणार आहे? पण मी तिला टाकलं नव्हतं, एवढं तिला कळायला हवं. ते न कळता ती कोणा दुसऱ्या बाईला असं बोलते आणि मी मान डोलावते, हे मला यापुढे जमणार नाही.

मी उद्या केंद्रावरच सांगू शकते. पण मग तू खोटा ठरशील, आणि तुझ्यावर तिचा फार जीव आहे. म्हणून रविवारी तिला घेऊन माझ्याकडे ये आणि तूच सांग. वॉर्डाच्या दारात काय बोलला होतास ते, जसंच्या तसं.

तू येणार नाहीस. वहिनीचे गुडघे दुखतील, ठकूची परीक्षा निघेल. तरी मी दार उघडं ठेवून बसेन.

रजा टाकणार नाही.

तुझी,
बरी झालेली धाकटी बहीण