सराफ्यातल्या दोन खोल्या आणि मागे राहिलेले देव

मी, राघव बळवंत मुळ्ये, वय शहात्तर, नगररचना खात्यातून निवृत्त, राहणार हरिशंकरपुरम, ग्वाल्हेर, लिहून ठेवतो की माझे गुडघे गेले आहेत, पण डोके जागेवर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. असलेच तर ते माझ्या स्वतःच्या लाजेचे आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले व हेच शेवटचे समजावे.

१. हरिशंकरपुरमचे घर माझ्या कमाईचे आहे. ते मुलगा अभिराम व मुलगी अंतरा यांना निम्मे-निम्मे मिळावे. अभिराम म्हणेल की अंतराला सासरचे घर आहे. असू दे. बापाचेही असू दे.

२. बँकेतील ठेवींची वाटणीही तशीच. तेराव्याला पंगती घालू नयेत. ज्यांना यायचे ते माझ्या हयातीत भरपूर जेवून गेले आहेत.

३. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर व कंपासपेटी नात निधी हिला द्यावी. ती आर्किटेक्ट होते आहे. निधी, पेटी चांगली आहे. आजोबांचे वळण तेवढे घेऊ नकोस.

४. सत्काराची शाल मल्हारराव शितोळे यांना द्यावी. याला कारण आहे.

निवृत्तीनंतर मी ग्वाल्हेरच्या जुन्या लश्कर भागाची बाजू मांडण्याचे व्रत घेतले. महाराज बाडा, सराफा आणि भोवतालच्या गल्ल्या यांची दशा सगळ्यांना ठाऊक आहे. खाली दुकाने, वर कुलपे. दुकाने मिटली की रस्ता ओस. दगडी इमारती पाडू नका, त्यांना नवे काम द्या, वरच्या मजल्यांवर माणसे राहायला आणा, म्हणजे गाव पुन्हा नांदेल, असे मी सभासभांतून सांगत सुटलो. लोकांना ते पटले, इथेच माझी पंचाईत झाली. मल्हाररावांनी बाड्याजवळचा आपला वरचा मजला, भावांशी वाईटपणा घेऊन, मुलांच्या अभ्यासिकेला दिला. शाल मात्र मला मिळाली.

त्या सत्कारात मल्हाररावांनी उठून विचारले, "मुळ्येसाहेब, सराफ्यात तुमच्याही दोन खोल्या आहेत ना? तिथे कोण राहतं?"

मी म्हणालो, "साक्षात गणपती राहतो!"

सभा हसली, टाळ्या पडल्या. मल्हारराव हसले नाहीत. त्या शालीची घडी मी अजून मोडलेली नाही. ती त्यांचीच आहे.

५. आता त्या खोल्या. त्या माझ्या मालकीच्या नाहीत. सराफ्यातील त्या तिमजली इमारतीत माझे वडील भाडेकरू म्हणून आले, पुढे पावती माझ्या नावाने फाटू लागली. भाडे इतके जुने की आज त्यात दोघांचा चहा होणार नाही. हरिशंकरपुरमला घर बांधले तेव्हा मी सामान हलवले, माणसे हलवली, देव मात्र हलवले नाहीत. आमच्याकडे देव हलले म्हणजे घर सोडले असे धरतात. तेव्हा देव तिथे आहेत तोवर ताबा आपला, असे मी ठरवले. रोज संध्याकाळी तिथे जातो, दिवा लावतो, दोरीवर एक टॉवेल वाळत घालतो, कोणी राहते आहे असे दिसावे म्हणून, आणि कुलूप लावून घरी येतो. खालचे दुकानदार दौलतसिंह हात जोडून म्हणतात, "पंडितजी, भक्ति हो तो ऐसी!" मी चपला शोधत असल्याचे दाखवतो.

माझी पत्नी अनसूया हिने नव्या घरात एकदाच विचारले होते, "देव मागे ठेवून कुणी घर बदलतं का हो?" मी तिला भाडेकरूचा कायदा समजावून सांगितला. ती कॅलेंडरवरच्या गणपतीला हळदकुंकू वाहत राहिली, आणि त्याच कॅलेंडरसमोर गेली. देव आणून द्यायला मला अर्धा तासही लागला नसता. हे आठवले की आरशासमोर उभे राहवत नाही.

इमारतीची मालकीण सीमंतिनी फाटक. तिला वरचे दोन्ही मजले दुरुस्त करून बाहेरगावहून शिकायला येणाऱ्या मुलींचे वसतिगृह काढायचे आहे. बाकीचे भाडेकरू केव्हाच उठले. माझ्या खोल्या जिन्याच्या तोंडाशी आहेत. त्या सुटल्याशिवाय वर काही करता येत नाही. तिचा नकाशा मंजूर होऊन पडून आहे. तो मीच तपासून दिला होता आणि वर "उत्तम" असा शेराही मारला होता. तिने माझ्यावर कधी दावा लावला नाही. दरवेळी एवढेच म्हणायची, "काका, तुमच्या सवडीनं."

म्हणून या कलमात मी लिहिले होते की माझ्या मृत्यूनंतर किल्ल्या सीमंतिनीला द्याव्यात. मसुदा वकील गरिमा यांना दाखवला, आणि खोटे कशाला बोलू, मोठ्या समाधानाने दाखवला. वाचून त्या म्हणाल्या, "अंकल, ये वसीयत से नहीं होगा. आपके बाद किरायेदारी पर अभिरामजी हक़ जताएँगे, और केस बरसों चलेगा. छोड़ना है तो जीते-जी छोड़िए."

मी अभिरामला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, चाबी बिलकुल मत देना. सराफ्यात जागा आहे, कोई छोड़ता है क्या? मी बघतो ना नंतर."

त्याला मी रागावणार होतो, पण हे तो माझ्याचकडून शिकला होता. मेल्यावर उदार व्हायला काही लागत नाही. मी तेवढेच करायला निघालो होतो. तरीही पुढचे चार दिवस मी टॉवेल वाळत घालतच होतो, हेही इथे नोंदवतो.

सबब हे कलम रद्द.

६. आज सकाळी मी देव घरी आणले. माझ्यामागे ते अंतराकडे जावेत. त्यानंतर गरिमा व दौलतसिंह यांच्या देखत ताबा सोडल्याच्या कागदावर सही केली आणि किल्ल्या सीमंतिनीच्या हातावर ठेवल्या. ती आनंदेल, निदान दोन शब्द सुनावेल, असे वाटले होते. ती पायरीवर बसून रडू लागली.

"काका, तुम्ही आजारी आहात असं कानावर आलं ना, की माझ्या मनात आधी खोल्याच यायच्या. आता सुटतील, असं. मग स्वतःचीच इतकी शरम वाटायची, की तुम्हाला आयुष्य मिळो म्हणून मी सोमवार धरले."

मी जागा अडवली एवढेच मला माहीत होते. एका भल्या बाईला मी इतकी वर्षे माझ्या मरणाची वाट पाहायला लावली, आणि त्याची लाजही तिलाच वाटू दिली. मला तिची माफी मागता आली नाही. ती इथे मागतो.

७. अंतराने या मृत्युपत्राप्रमाणे व्यवस्था पाहावी. अभिरामला एकच काम. मी गेल्याचा निरोप सीमंतिनीला तू स्वतः जाऊन दे. आता तिला नुसते वाईट वाटू शकेल.

वरील सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

राघव बळवंत मुळ्ये

साक्षीदार:
दौलतसिंह भदौरिया, सराफा बाजार
उषाताई बापट, हरिशंकरपुरम

ठिकाण: लश्कर, ग्वाल्हेर
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२४