जयवंतचं नाव दिलंय

डिलाईल रोड, मुंबई
२० जानेवारी १९५७

ती. कांताताईस,
जय भीम आणि सा. न. (दोन्ही लिहिलंय. आई म्हणते जुनं एकदम तोडू नये, आबा म्हणतात दीक्षा घेतली तेव्हाच तुटलं. तुला हवं ते ठेव.)

…आणि म्हणूनच तुझं म्हणणं मला बिलकूल पटलेलं नाही. गोल्फ बड्या लोकांचा खेळ, म्हणून आपण तिकडे बघायचं नाही, हे काय लॉजिक झालं गं? क्रिकेट तरी कुठे आपल्या आजोबांनी काढलं होतं? आज चाळीतलं शेंबडं पोरगंही बॅट धरतं. आणि गोल्फ तर आपल्या घरातलाच आहे. आबा पोरवयात त्या क्लबात कॅडी म्हणून लागले, मेंबरांच्या काठ्यांची बॅग उचलून मागे मागे फिरले, बघून बघून खेळ शिकले, आणि आज त्याच मेंबरांना शिकवतात. प्रोफेशनल बुधाजी! विलायतेत असल्या माणसांचे फोटो पेपरात येतात. मनमोहन मला क्लबातली जुनी मासिकं आणून देतो, त्यात वाचलंय मी. (मनमोहन म्हणजे माझ्या शाळेतला कीर्तीकर, ठाकुरद्वारचा. वडील मेंबर आहेत. तुझ्या लग्नात बर्फी खाऊन आजारी पडला होता तो.)

तर मी शाळा काढलीय. हसू नको. चाळीमागच्या मैदानात संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा झाली, मांडवाचे खांब उपटून नेले, खड्डे तसेच राहिले. तेच आमचे होल. काठ्या बांबूच्या, बॉल आबांनी क्लबच्या तळ्यातून काढलेले. दहाबारा पोरं येतात. बॉल खड्ड्याच्या काठावर घुटमळला की सगळी मिळून बोंबलतात, गेलाच पाहिजे! परवा एका हवालदाराला वाटलं मोर्चाच निघाला. दंडुका घेऊन धावत आला बिचारा. पोरं घाबरली गं. गेल्या वर्षीचा गोळीबार याच रस्त्यावर पाहिलाय त्यांनी. पण बांबू कुणी टाकला नाही.

सगळ्यांत भारी आपला धाकटा जयवंत. नऊ वर्षांचं कार्टं, पण बॉल मारताना मान हलवत नाही. हे शिकवून येत नाही, ताई.

आता बातमी. १० फेब्रुवारीला क्लबात लहान मुलांची मॅच आहे. महिनाअखेर प्रोफेशनल लोकांची मोठी मॅच, त्यात कलकत्ता-दिल्लीचे खेळाडू येणार आणि आबाही उतरणार. मनमोहन म्हणाला, मुलांच्या मॅचला जयवंतचं नाव देऊ, बिनधास्त. मी हो म्हणून बसलो. आबांना मात्र तूच लिही, माझी डेअरिंग होत नाही.

राजाराम भावजींना जय भीम. रागाव हवी तेवढी, पण आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
रामदास


मनमाड
२७ जानेवारी १९५७

चि. रामदास यास अनेक आशीर्वाद. जय भीम एकटा लिहिलास तरी पुरतो.

शाळेची तपासणी होती म्हणून उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हवालदाराचं ऐकून इतके हसले की चहा सांडला. म्हणाले, तुझा भाऊ पुढारी होणार नाहीतर तुरुंगात जाणार. मीही हसले, खोटं कशाला सांगू.

पण रामदास, तू क्लब मासिकात पाहिलास, मी मागच्या दारातून पाहिलाय. लहानपणी आईबरोबर आबांचा डबा घेऊन जायची. आत पाऊल टाकायचं नाही, झाडाखाली उभं राहायचं. आबा येऊन डबा घ्यायचे आणि नळापलीकडे, बुटांना माती लागते तिथे बसून जेवायचे. साहेब होते तेव्हाही तिथेच, साहेब गेले आणि त्यांच्या खुर्च्यांत आपले लोक बसले तेव्हाही तिथेच. त्यांचा उजवा खांदा खाली का झुकलाय हे कधी विचारलंस? तुला नि मला त्यांनी कधी काठीला हात लावू दिला नाही. त्या खेळातला कुठला भाग आपल्या वाट्याला येतो, ते त्यांना ठाऊक होतं.

जयवंतचं गणित कच्चं आहे. ते बघायला तुझ्याकडे वेळ नाही, खड्डे मोजायला आहे!

तरीही पोराचं मन मोडावं असं मला वाटत नाही. आबांना लिहिते. ते हो म्हणाले तर माझी एकच अट आहे. जयवंत खेळायला जाणार असेल तर पुढच्या दाराने जाईल. पांढरा शर्ट शिवून पाठवते आहे. जरा ढगळ होईल, आईला आत टाके घालायला सांग.

आईची खोकल्याची बाटली संपू देऊ नकोस. तुझ्यावर ओरडते ती तुझीच,
कांता


डिलाईल रोड
४ फेब्रुवारी १९५७

ती. ताईस जय भीम, वि. वि.

शर्ट पोचला. आई म्हणाली, ह्यात दोन जयवंत मावतील गो.

तुझं पत्र वाचून आबा किती वेळ गॅलरीत उभे होते. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण त्यांनी काय केलं माहितेय? एक जुनी काठी घेतली, करवतीने कापून आखूड केली, मुठीला सुतळी गुंडाळली आणि जयवंतला हाक मारली. मग मागे उभं राहून त्याची बोटं एकेक करून काठीवर बसवली. ताई, मी आयुष्यात पहिल्यांदा आबांना आपल्यापैकी कुणाला शिकवताना पाहिलं. जयवंतने बॉल मारला तो थेट पलीकडच्या चाळीच्या पत्र्यावर. खालून शिव्या आल्या, आणि आबा हसले. मोठ्यांदा. त्यांचा वरचा दात पडलाय हे मला तेव्हा कळलं.

आबांनी एकच विचारलं, नाव कुणी दिलं नि कसं दिलं. मनमोहनने सेक्रेटरीसाहेबांना तोंडी सांगितलंय की बुधाजीचा मुलगा येणार आहे, ते म्हणाले वेरी गुड. मी हेच सांगितलं. आबा नुसतं हं म्हणाले. त्यांचा स्वभावच तो.

बाकी ठीक. इलेक्शनमुळे भिंतीची एक वीट मोकळी नाही. मॅच झाली की लगेच लिहितो. तोवर आमची आठवण काढत राहा.

तुझा,
रामदास


डिलाईल रोड
११ फेब्रुवारी १९५७

ती. ताईस जय भीम.

तुझी अट पाळली. पुढच्या दाराने गेलो. दरवानाने अडवलं, पण मनमोहन धावत आला आणि आम्ही थाटात आत शिरलो. जयवंत तर गवतावर पाय ठेवायलाच घाबरत होता. मला हळूच विचारलं, बूट काढायचे का.

सेक्रेटरीसाहेब आले. वाईट माणूस नाही गं तो, तेच तर मला गिळवत नाहीये. जयवंतच्या गालाला हात लावून म्हणाले, हा बुधाजीचा का, छान झालं, आज कॅडी कमीच पडतायत. खिशातून नंबरचा पितळी बिल्ला काढला, कॅडी लोक लावतात तो, आणि तू शिवलेल्या शर्टावर स्वतःच्या हाताने टोचला. एका मेंबरच्या मुलाची बॅग जयवंतच्या खांद्यावर दिली. त्याच्या छातीएवढी होती. आखूड काठी कुणाची म्हणून त्यांनी विचारलं, कुणीच उत्तर दिलं नाही, तेव्हा ती भिंतीला टेकवून ठेवली.

मनमोहन लालबुंद झाला, काहीतरी बोलायला गेला. तेवढ्यात त्याच्या वडिलांनी हाक मारली आणि तो गेला. मी उभा. माझ्या तोंडात इंग्रजी वाक्यं तयार होती, ग्रामरसकट. पण पलीकडे आबा बॉलची टोपली घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नको, अशी. महिनाअखेर त्यांची मॅच आहे, आणि नावं सेक्रेटरीच ठरवतो. मी वाक्यं गिळली.

जयवंतला वाटलं बिल्ला म्हणजे खेळाडूचा नंबर. बॅग म्हणजे आधी ह्याची पाळी, मग आपली. मी कुंपणाशी उभा राहून बघत होतो. अख्खी मॅच तो त्या मुलाच्या मागे चालत राहिला. बॅग घसरायची, तो गुडघ्याने वर ढकलायचा. त्या पोराने बॉल मारला की हा आपली मान स्थिर ठेवायचा.

शेवटी कप वाटले. जयवंत धावत माझ्याकडे आला, छाती पुढे काढून. बिल्ला परत मागायला कुणी आलं नव्हतं. म्हणाला, दादा, मेडल मिळालं. मी म्हटलं, वा.

घरी आईने मजल्यावरच्या सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. पोरांनी त्याला उचलून घेतलं, गेलाच पाहिजे करत जिन्याने खाली नेलं. आबा आले, पाय धुतले, भिंतीकडे तोंड करून बसले आणि जेवले नाहीत. आईला अजून वाटतंय की त्यांचं पोट बिघडलंय.

तू काही बोलू नकोस. नाहीतर बोल.

रामदास


मनमाड
१५ फेब्रुवारी १९५७

चि. रामदास यास आशीर्वाद.

काल वर्गात मुलांवर उगीच ओरडले. मग त्यांना लवकर सोडलं.

तू रडत असशील तर आधी ते संपव. आबांनी मान हलवली म्हणून तू गप्प बसलास, ते मी समजू शकते. आबांचं सगळं आयुष्य त्या मान हलवण्यावर चाललं. पण त्या हिरवळीवर इंग्रजी येणारा आपला माणूस तू एकटा होतास. तुझ्या शाळेसाठी आबांनी कुणाकुणाच्या बॅगा उचलल्या ते तुला माहीत आहे. आणखी लिहीत नाही.

जयवंतला खरं सांग. तो बिल्ला लावून शाळेत गेला आणि कुणी ओळखलं तर? हसणाऱ्यांकडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळू दे. आईला मी लिहीन.

माझं बोलणं लागलं असेल. लागू दे. मायाही तेवढीच आहे, हे विसरू नकोस.

कांता


डिलाईल रोड
२७ फेब्रुवारी १९५७

ती. ताईस जय भीम.

उत्तराला उशीर झाला कारण लिहिण्यासारखं काही करून दाखवावं असं वाटत होतं. जमलं नाही.

आधी आबांचं. त्यांची मॅच झाली. सगळ्या प्रोफेशनल लोकांच्या बॅगा उचलायला कॅडी असतात. आबांनी कॅडी घेतला नाही. स्वतःची बॅग स्वतः उचलून चालले, तीन दिवस. जयवंत घ्यायला पुढे झाला तर त्याच्यावर असे खेकसले की पोरगं दचकलं. पहिल्या दिवशी लोकांना कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी खांदा सुजला. तिसऱ्या दिवशी त्यांना काठी नीट वर नेता येत नव्हती, बॉल पाण्यात जात होते, आणि कलकत्त्याचा एक पोरगा तोंडावर हात ठेवून हसत होता. आबा शेवटून पहिले. आता ऐकतो की पावसाळ्यानंतर क्लब नवा प्रोफेशनल आणणार. सेक्रेटरी आबांना म्हणाले, बुधाजी, तुझं वय झालं, पण मुलगा चांगला आहे, त्या मेंबरच्या मुलाला तोच हवाय, दर रविवारी पाठव. आबांनी हो पण म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही.

मग मी जयवंतला सांगितलं. मैदानात त्या खड्ड्यांपाशी बसवून सगळं सांगितलं. तो मेडल नाही, ती तुझी मॅच नव्हती, तुझी पाळी येणारच नव्हती. तो मातीत रेघा ओढत होता. मग म्हणाला की त्याला माहीत होतं. मध्येच त्याने त्या मुलाला विचारलं होतं, माझी पाळी कधी, आणि तो मुलगा हसला होता. मी विचारलं, मग मेडल कशाला म्हणालास? तर म्हणे, दादा, तू कुंपणाला धरून असा उभा होतास, मला वाटलं तू आता रडशील.

नऊ वर्षांचा आहे तो, ताई.

एवढं होऊनही तो म्हणतो, रविवारी मी जाणार. मी नाही म्हटलं. तर मला विचारतो, आबा कसे शिकले? बॅग उचलूनच ना, मागे मागे फिरून? तूच तर सगळ्या पोरांना सांगतोस. दुसऱ्या कुठल्या वाटेने त्या गवतावर जाता येतं ते दाखव, मी त्या वाटेने जातो. मी मासिकं उलटून बघितली, तिथेही तशी वाट नाही.

मनमोहन दोनदा येऊन गेला. मी घरात नाही असं आईने सांगितलं.

आबांना विचारलं तर म्हणाले, त्याला काठी मी दिली, पण स्वप्न तू दिलंस, तूच काय ते ठरव. आणि पाठ करून झोपले. त्यांच्या खांद्याला मी अजून शेक देतोय.

परवाची सभा मोठी झाली, सगळी चाळ गेली होती. मी नाही गेलो. आईचा खोकला तसाच आहे. तू तिला लिहिलेलं पत्र तिने वाचून घेतलं माझ्याकडून, नंतर उरलेल्या साखरेचा डबा उगीच घासत बसली.

शनिवारच्या आत दोन ओळी टाक. शिव्या घातल्यास तरी त्या तुझ्या हातच्या असतील.

तुझा,
रामदास

ता. क. पाठवला तर तो आबांसारखा होईल. अडवला तर ह्या घरात काठी नीट धरणारा आबांनंतर कुणी उरणार नाही, आणि त्याची मान हलत नाही गं, खरंच हलत नाही. रविवारी सकाळी तो दारात उभा असेल. तुला काय वाटतं, जाऊ देऊ?