जहाजावरची आचारीण

४ फेब्रुवारी

ती. ताईस,

वाकून नमस्कार वि. वि. (दिवसभर लोकांच्या जबड्यांत वाकून कंबर धरली आहे, तेव्हा आज नमस्कार अर्धाच पोचेल. उरलेला बरं वाटल्यावर.)

पत्रास कारण की दवाखाना ओस पडायला लागलाय. अण्णा गेल्यावर मी तो चालवायला घेतला तेव्हा तू म्हणालीस, पेशंट आयते मिळाले. मिळाले खरे, पण ते दातांचे नाहीत, गोष्टीचे आहेत! तुला आठवतं ना, अण्णा सकाळी चहाबरोबर ती जाडजूड, कव्हर गेलेली जहाजाची कादंबरी वाचायचे आणि दिवसभर दात कोरता कोरता पेशंटला सांगायचे? पेशंटचं तोंड उघडं, जीभ दाबलेली. इतका गुणी श्रोता कुणाला मिळतो? गोष्ट ऐन रंगात आली की म्हणायचे, आता चूळ भरा, पुढचं पुढच्या खेपेला.

आता भोगतोय मी. काल रिटायर झालेले पोस्टमास्तर आले. आडवे झाले, आ केला, मी आरसा आत घातला आणि त्यांनी तोंड मिटलं. आरशासकट. मग कसंबसं विचारलं की त्या आचारीणबाईंचं पुढे काय झालं. मी म्हटलं, कोण आचारीणबाई? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सख्ख्या मावशीला ओळख दाखवली नव्हती. म्हणाले, जहाजावरची हो! कप्तान जेवताना वाचत बसला म्हणून जिने आमटीचा डाव फेकून मारला आणि विचारलं की डोळे पुस्तकात, मग घास काय नाकात घालणार? तीच. चाचे तलवारी परजत जहाजावर चढत होते आणि बाईंनी त्यांना वाटेतच अडवलं होतं, की आत्ताच पुसून घेतलंय, पाय पुसल्याशिवाय एकानेही पुढे यायचं नाही. चाचे रांगेत उभे राहून पाय पुसायला लागले आणि अण्णांनी चूळ भरायला सांगितली. तेव्हापासून चाचे आणि पोस्टमास्तरांची दाढ, दोन्ही अर्धवट आहेत.

गाण्याच्या बाई तर तोंडावर बोलल्या. म्हणाल्या, हात तुझा हलका आहे रे, पण इथे आलं की कुणाकडे तरी दुखवट्याला भेटायला गेल्यासारखं वाटतं, काय बोलावं कळत नाही. समोरच्या दवाखान्यात टीव्ही लावलाय म्हणे.

माझं आणि वाचनाचं तुला माहीतच आहे. पुस्तक उघडलं की मला इंजेक्शनपेक्षा लवकर भूल चढते. शिवाय ती कादंबरी अजून फळीवर तशीच आहे. अण्णांचा चष्मा खूण म्हणून आत आहे. तो काढला तर त्यांचं पान हरवेल, म्हणून मी हात लावत नाही. (हसू नकोस.) तू छापखान्यात दिवसभर वाचतच असतेस. ग्रंथालयातून दुसरी प्रत मिळव आणि गोष्ट थोडक्यात लिहून पाठव. चाच्यांपासून पुढे.

आई तब्येतीने बरी आहे, पण दुपारी खिडकीशी बसून तेच वर्तमानपत्र घडी करते, उलगडते. मी म्हटलं, कंटाळा येतो का? तर म्हणाली, पूर्वी वाचत बसलेल्या माणसावर ओरडण्यात दिवस कसा जायचा कळायचं नाही. आता कुणावर ओरडायचं? मी मोठ्या मनाने स्वतःला पुढे केलं. म्हणाली, तुझ्यात ती मजा नाही.

लोभ आहेच, त्याला अधूनमधून पाणी घालावं.

तुझा धाकटा,
दंतोबा

२१ फेब्रुवारी

चि. दंतोबास,

अनेक आशीर्वाद आणि कंबरेला मलम.

तुझ्या पत्रातले ऱ्हस्वदीर्घ लाल पेन्सिलीने सुधारून परत पाठवणार होते, पण मग तुला ते स्वतःचं म्हणून ओळखू आलं नसतं.

कादंबरी मिळाली. सगळी वाचली. त्यात आचारीण नाही.

म्हणजे मुळीच नाही. एवढ्या जाड पुस्तकात कुणी धड जेवतसुद्धा नाही! कप्तान आहे, तो पानोपान वाऱ्याची काळजी करतो. चाचे येतात, पण त्यांचे पाय कसे होते हे लेखकाने बघितलेलं नाही. मी आधी वाटेल तिथे उघडून शोधलं, मग नीट पहिल्यापासून वाचलं. खरं सांगू? अण्णा गेल्यापासून हातात घेतलेलं हे पहिलंच पुस्तक. छापखान्यात मी शब्द वाचते, गोष्ट नाही. काना सुटला का, मात्रा घसरली का, एवढंच. घरी आल्यावर पुस्तक समोर धरलं तरी डोळे चुकाच शोधत बसतात. या कादंबरीत मात्र मी चुका नाही, अण्णा शोधत होते. कुठल्या वाक्याला हसले असतील, कुठे चहा गार झाला असेल. शेवटचं पान संपलं तेव्हा लेखकाचा इतका राग आला! एवढा समुद्र लिहिलास मेल्या, आणि आमचा माणूस कुठेच नाही?

मग तुझं पत्र पुन्हा काढलं आणि कपाळावर हात मारला. अरे दगडा, जेवताना वाचणाऱ्यावर डाव फेकणारी, दारात पाय पुसायला लावणारी बाई तुला खरंच ओळखू आली नाही? जन्मभर तिच्याच हातचं खातोयस! अण्णांनी आईला जहाजावर चढवून वर्षानुवर्षं गावभर फिरवलंय. कप्तान कोण, हे आता मी सांगायला नको.

आईला यातलं अक्षर कळू देऊ नकोस. डाव अजून स्वयंपाकघरात आहे.

तब्येत सांभाळ, लोभ मी सांभाळते.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,

पूर्ण नमस्कार वि. वि. कंबर सुटली.

आईला कळलं. माझी काही चूक नाही. मी डबा घरी विसरलो, तो द्यायला ती दवाखान्यात आली. बाकावर पोस्टमास्तर आणि गाण्याच्या बाई. पोस्टमास्तरांचे बूट चिखलाने भरलेले. आईने डबा खाली ठेवायच्या आत त्यांना सुनावलं की पायपुसणं काय शोभेला ठेवलंय का? पोस्टमास्तर मुकाट्याने उठले, पाय पुसले आणि पुसता पुसता थिजल्यासारखे उभे राहिले. गाण्याच्या बाई छातीवर हात ठेवून तार सप्तकात ओरडल्या, अहो, या त्याच!

मग काय विचारतेस. दोघांनी चढाओढीने सगळं सांगितलं. डाव, चाचे, देवमाशालाही आंघोळ करून ये म्हणून परत पाठवलं ते. मी हत्यारांच्या कपाटामागे उभा. आई डबा मांडीवर घेऊन ऐकत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, की ती आचारीण दिसायला कशी होती, यावर हे काही बोलले का. गाण्याच्या बाई म्हणाल्या, डॉक्टर सांगायचे, ती वर आली की वारासुद्धा पाऊल न वाजवता चालायचा. आई म्हणाली, धादांत खोटं. मग नाक पुसलं, उठली आणि घरी गेली. डबा घेऊन. मी उपाशी.

घरी दोन दिवस तिने वर्तमानपत्राची घडीही उलगडली नाही. मला वाटलं, दुखावली. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधी तयार. दवाखान्यात आली, खुर्चीशेजारी स्टूल ओढलं आणि आडव्या पडलेल्या पोस्टमास्तरांना म्हणाली, की तुम्हाला सगळं एका बाजूचं सांगितलं गेलंय. डाव मारलाच नव्हता, हातातून सुटला होता. आणि कप्तान सूप समजून धुण्याचं पाणी प्यायला होता, पुस्तकातून डोळे न काढता, वर मीठ कमी आहे म्हणाला होता. ते सांगितलं का त्याने? पोस्टमास्तर आ वासूनच होते. मी दाढ कोरली, भरली, घासली. त्यांना पत्ताच नाही. चाचे एव्हाना भांडी विसळायला लागले होते.

तेवढ्यात चूळ भरता भरता पोस्टमास्तरांनी विचारलं की हे सगळं ठीक, पण कप्तान कुठे आहे हल्ली? गोष्टीत बरेच दिवसांत दिसला नाही.

ताई, माझ्या हातातलं मशीन बंद झालं. म्हणजे मीच केलं असणार. आई अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, की कुठे असणार, खाली खोलीत वाचत बसलाय. जेवायला हाक मारल्याशिवाय वर यायचा नाही. आणि आचारीणबाईंचा स्वयंपाक अजून व्हायचाय, तेव्हा वाचू दे त्याला निवांत.

नंतर माझ्याकडे वळून खेकसली, की तू काय पुतळ्यासारखा उभा, दुसरा माणूस घे.

आता रोज येते. समोरच्या टीव्हीसमोर कुणी बसत नाही म्हणे.

लोभाला खंड पडू देऊ नये.

तुझा धाकटा,
दंतोबा

१६ मार्च

चि. दंतोबास,

आशीर्वाद.

तुझं पत्र मी छापखान्यातच वाचलं, अंकगणिताच्या पुस्तकाची प्रुफं समोर असताना. आधी इतकी हसले की मशीनवाल्याने यंत्र थांबवून विचारलं, कुठली चूक सापडली. मग दुसरंही झालं, तेव्हा त्याने न विचारता पाण्याचा ग्लास आणून ठेवला. त्या दिवशी माझ्या हातून दोन अधिक दोन पाच तसंच छापायला गेलं. मुलांना काय वाटायचं ते वाटो.

शनिवारी येते आहे. दंतवैद्याने बघावं असं माझ्या तोंडात काहीही नाही, सगळे दात ठणठणीत आहेत. तरीही पोस्टमास्तरांच्या मागे माझा नंबर लाव. कुणी कुरकुर केली तर आरशाने उगीच टकटक कर आणि गंभीर चेहरा कर. तेवढं तुला जमतं.

आणि आईला सांग, मी खुर्चीत बसेपर्यंत आचारीणबाईंचा स्वयंपाक होऊ द्यायचा नाही.

भेटीअंती लोभ वसूल करीन.

तुझी ताई