एडनाच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशाबाबत

मी, हेस्टर बटरवर्थ, सेथ बटरवर्थ यांची विधवा, राहणार ओल्डहॅम, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. हल्ली जिवाला स्वस्थता नाही, पण भ्रम झालेला नाही. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते माझ्या थोरल्या भावाने, अ‍ॅमॉसदादाने, सांगितलं तसं लिहिलं होतं.

१. घर भाड्याचं आहे. शिवणयंत्र शेजारच्या मार्थाला द्यावं. सुई अडकते, हे तिला माहीत आहे.

२. सेथचे गिरणीचे शेअर जाळावेत. लढाईनंतरच्या तेजीत अख्ख्या गल्लीने पोटाला चिमटा काढून, निम्मी रक्कम भरून, नव्या सूतगिरणीचे शेअर घेतले. मंदी आली तशी गिरणीने उरलेली निम्मी मागितली. सेथने घड्याळ विकून ती भरली. गिरणी तरीही बंद पडली.

३. दादाला सेथची पुस्तकं द्यावीत, म्हणजे भांडण चालू राहील. दादा चॅपेलचा खजिनदार. तो म्हणायचा, "लोकांनी चैन केली म्हणून मंदी आली. काटकसर करा, भांडवल साचेल, गिरण्या चालतील."

सेथ म्हणायचा, "अहो, चात्या दुप्पट केल्यात, पण सदरे घालणारी माणसं तेवढीच. तीही ठिगळं लावून भागवणार, मग सूत कुणासाठी कातायचं?"

"आणि वाईट दिवस आले म्हणजे?"

"आलेत की. आणखी कसली वाट बघताय?"

दादाचंही सगळं खोटं नाही. सेथच्या आजारपणात डॉक्टर आला तो दादाच्याच शिलकीवर. हे मी विसरलेले नाही.

४. बँकेतली सगळी रक्कम माझी मुलगी एडना हिला. जत्रेच्या आठवड्यात गिरण्या बंद होतात, गाव वर्षभर बचतीच्या क्लबात साठवलेलं घेऊन समुद्रावर, ब्लॅकपूलला जातं आणि खिसे उलटे करून परततं. एडनाचा वॉल्टर मात्र क्लबाचे पैसेही बँकेत टाकतो. मी तिला विचारलं, "लग्न कधी?"

"फर्निचरपुरतं जमलं की, आई."

"ते कधी जमणार?"

"मंदी हटली की."

"आणि मंदी कशाने हटणार गं?"

तेव्हा अट अशी, की मी गेल्यावर येणाऱ्या पहिल्याच जत्रेच्या आठवड्यात तिने लग्न करावं आणि पलंग, टेबल, पडदे गावातल्या दुकानांतूनच घ्यावेत. न केल्यास रक्कम दादाला.

५. कलम चार रद्द. काट मारून शेजारी सही केली आहे. पुन्हा वाचताना माझाच मला राग आला. एडना चौतिशीची झाली, आणि माझी प्रकृती ठणठणीत आहे. मी मरेपर्यंत तिने थांबायचं, म्हणजे मीही दादाचीच बहीण. सोमवारी बँक उघडली की पैसे काढते, आणि वॉल्टरला घेऊन पलंग बघायला जाते. पुढे हे उघडाल तेव्हा वाटण्यासारखं काही सापडणार नाही. त्याबद्दल कुणी हळहळू नये.

सही: हेस्टर बटरवर्थ
ओल्डहॅम, शनिवार, ८ ऑगस्ट १९३१

आम्हा दोघांच्या देखत सही झाली:
एझ्रा स्कोफील्ड, चांभार
अ‍ॅमॉस केरशॉ, भाऊ (मजकूर मान्य नाही. लग्नाला येईन.)