जावयाला हरवायचं कसं

जळगाव, ४ फेब्रुवारी २०२५

चि. दीपक यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलताना भूमिका शेजारीच असते, म्हणून पत्र. हे गेल्यापासून लेक-जावई माझ्याकडे राहायला आलेत, त्याला दीड वर्ष झालं. आता हितेंद्ररावांना नागपूरला बढती मिळतेय. मार्चअखेर होकार द्यायचा आहे आणि ते नको म्हणणार आहेत. आई एकटी कशी राहील, असं दोघं स्वयंपाकघरात कुजबुजतात. मी घराबाहेर पडत नाही, हे खरंच. पण माझ्यापायी त्यांचं अडावं, हे मला सोसवत नाही. मी ठीक आहे म्हणून सांगितलं, तर भूमिका मान हलवते आणि गोळ्या मोजते.

कॉलनीच्या मैदानात पिकलबॉल सुरू झालाय. टेनिसची धाकटी बहीण समज: बुटकं जाळं, सपाट बॅट, भोकांचा प्लास्टिकचा चेंडू. जावई रोज चला म्हणतात. या वयात बरं दिसेल का, ते कळव.

मेहरूणची बोरं पाठवतेय. माया आहे, ती पुरवून वापर.

तुझी अक्का

देवपूर, धुळे, ११ फेब्रुवारी

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

बोरं वर्गात वाटली. संस्कृतचा तास मुलांना प्रथमच गोड लागला.

अवश्य खेळ. तू ठीक आहेस, हे तू सांगून कुणाला पटणार नाही; डोळ्यांना दिसलं पाहिजे. फैजपूरच्या गल्लीत विटीदांडूत मला रडवणारी बाई एकाएकी अबला झाली, हे मला तरी मान्य नाही. बूट घे, चपलेवर जाऊ नकोस. पडलीस तर पत्रानेच कळव. फोनवर माझं हसू ऐकू येतं.

लोभ उदंड आहेच, बोरंही असू देत.

आज्ञाधारक (सोयीनुसार),
दीपक

जळगाव, २ मार्च

चि. दीपक, आशीर्वाद.

शिकले. चेंडू कमरेखालून मारून डाव सुरू करायचा, आणि ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण. पहिला आठवडा माझे चेंडू शेजारच्या बंगल्यात गेले. आता हात बसलाय.

पण समोर जावई. आखाजीच्या सणाला ज्यांना पाटावर बसवून आग्रहाने वाढते, त्यांना हरवायचं कसं? म्हणून माझी सर्व्हिस आली की मी चेंडू जाळ्यात घालते. त्यांची आली की ते बाहेर मारतात. काल अर्धा तास झाला तरी शून्य-शून्य. बाकावर खोळंबलेल्या धुरपदाबाई म्हणाल्या, ताई, हाऊ खेळ शे का मानपान?

भूमिका खेळ बघायला आली होती. घरी आल्यावर नवऱ्याला सांगत होती, आईच्या हातात जोर उरला नाही, नागपूरचं राहू दे.

आता सांग. तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

अक्का

धुळे, ८ मार्च

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

जय-पराजय समान मानणारे दोन स्थितप्रज्ञ एकाच मैदानात, हे कॉलनीचं भाग्य. पण अक्का, तू मान देतेस आणि त्यांना तो अशक्तपणा वाटतो. जावयाचा मान पाटावर. जाळ्यापलीकडे तो प्रतिपक्ष. त्यांचं भलं हवं असेल तर त्यांना हरव, आणि नीट हरव.

धाकट्याने हे सांगावं, याची क्षमा असावी.

दीपक

जळगाव, १३ एप्रिल

चि. दीपक, आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशीच पहिला चेंडू त्यांच्या पायाशी मारला. ते चकित होऊन बघतच राहिले. दुसरा तिथेच. मग तेही मनापासून खेळायला लागले, तरी अकरा-सहा. शेवटी ते कमरेवर हात ठेवून धापा टाकत हसत होते. मला म्हणाले, आई, तुम्ही इतके दिवस मला फसवत होतात. मी म्हटलं, तुम्हीही. घरी येऊन त्यांनी चहाच्या आधी होकार कळवून टाकला. भूमिका रडली. मी नाही रडले.

परवा दोघं नागपूरला गेले. घर एकदम मोठं झालं. काल सवयीने तिघांच्या पोळ्यांची कणीक भिजवून बसले होते, तेव्हा मात्र थोडी रडले. मग धुरपदाबाईंनी खालून हाक मारली, खेळायला चला म्हणून. उरलेल्या कणकेच्या पोळ्या मैदानात नेल्या. सगळ्यांनी खाल्ल्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ये. बूट आण.

तुझी वाट बघणारी,
अक्का